त्रिकोणाच्या कोनांचं शाब्दिक उदाहरण: समीकरण मांडताच येत नाही, तेव्हा काय तपासायचं

परभणीत शिकवणीला येणाऱ्या आठवी-नववीच्या लेकरांच्या वह्यांत हा बिघाड मला दरवर्षी सापडतो. लेकरू शहरातलं असो की पूर्णा-मानवतकडून येणारं, तक्रार ठरलेली: "सर, सोडवता येतंय, पण मांडताच येईना." ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. बीजगणित ठीक असतं, त्रिकोणाचं प्रमेय पाठ असतं, आणि तरीही दोन्हींची गाठ पडत नाही. म्हणून "अजून सराव कर" एवढं सांगून भागत नाही. नेमकं कुठे अडलंय ते शोधावं लागतं.

लक्षणं

वही उघडा आणि यातलं काय दिसतं ते बघा.

- क्ष + २क्ष + ३० एवढं लिहून पेन थांबलंय. बरोबरचं चिन्हच नाही.
- समीकरण सुटलंय, पण एखादा कोन उणे आलाय किंवा १८० च्या पुढे गेलाय.
- उत्तर म्हणून नुसतं "क्ष = १८" लिहिलंय. प्रश्नात सर्वांत मोठा कोन विचारला होता.
- तिन्ही कोनांची बेरीज १८० येते, तरी उत्तर पुस्तकामागच्या उत्तराशी जुळत नाही. हे सगळ्यांत फसवं लक्षण आहे.
- तेच समीकरण तयार दिलं तर दोन मिनिटांत सुटतं, शब्दांत दिलं की कागद कोरा.

आधी एक मिनिटाची चाचणी

५क्ष + १० = १८० एवढंच लिहून द्या. शब्द नाहीत, त्रिकोण नाही. क्ष = ३४ आलं, तर दोष मांडणीत आहे आणि खालचा क्रम तसाच धरा. नाही आलं, तर त्रिकोणाला हात लावू नका. थेट "कंस आणि उणे" या भागाकडे जा. ही चाचणी न करता पालक महिनाभर शाब्दिक उदाहरणं सोडवून घेतात आणि मूळ दोष तिथेच राहतो.

विचारलंय काय?

फुकटात होणारी तपासणी म्हणजे शेवटचं वाक्य मोठ्याने वाचणं आणि त्याखाली रेघ ओढणं. "तिन्ही कोनांची मापे काढा", "सर्वांत मोठा कोन किती?", "त्रिकोणाचा प्रकार ओळखा", हे तीन वेगळे प्रश्न आहेत. क्ष ची किंमत सहसा कुणी विचारलेली नसते, ती वाटेत लागते. मी मुलांना उत्तराची ओळ आधीच लिहायला लावतो: "म्हणून सर्वांत मोठा कोन = ____". पान भरल्यावर रिकामी जागा डोळ्यांसमोर असते, त्यामुळे क्ष वर थांबायची सवय आपोआप मोडते.

आकृती आहे का?

पट्टी नको, कोनमापक नको. हाताने ओबडधोबड त्रिकोण, कोपऱ्यांना अ, ब, क नावं, आणि प्रत्येक कोपऱ्यात आतल्या बाजूला काहीतरी लिहिलेलं. एकही कोपरा रिकामा राहता कामा नये.

याचं कारण महत्त्वाचं आहे. त्रिकोणाच्या शाब्दिक उदाहरणात सगळ्यांत मोठी माहिती लिहिलेलीच नसते. "तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश" हे वाक्य गणितात कुठेही छापलेलं नाही, ते 'त्रिकोण' या एका शब्दात दडलेलं आहे. वयाच्या किंवा पैशांच्या उदाहरणात "दोघांची बेरीज ५० आहे" असं स्पष्ट दिलेलं असतं. इथे बेरीज स्वतःहून आणावी लागते. ज्याच्या वहीत बरोबरचं चिन्ह येत नाही, त्याला ही बेरीज आठवलेली नसते. तीन कोपरे भरले की ती आठवते. पहिलं लक्षण असलेल्या बऱ्याच मुलांचं काम एवढ्यावरच होतं.

क्ष कुणाला मानलं?

इथे जरा थांबू, कारण बहुतेक बिघाड इथलाच असतो.

मोंढ्यात कुणी म्हणालं की तुरीचा भाव हरभऱ्यापेक्षा दोन हजारांनी जास्त आहे, तर घरातलं लहान पोरही विचारतं, "मग हरभरा काय भावाने गेला?" तुरीचा भाव सांगायला आधी हरभऱ्याचा लागतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. कोनांच्या वाक्यातही ज्याच्याशी तुलना केली आहे तो आधी लागतो. "पेक्षा" किंवा "च्या दुप्पट" याच्या अलीकडे जो कोन आहे, त्याला क्ष माना.

एक उदाहरण घेऊ.

त्रिकोणाचा दुसरा कोन पहिल्या कोनाच्या दुपटीपेक्षा १० अंशांनी कमी आहे. तिसरा कोन दुसऱ्या कोनापेक्षा ३० अंशांनी जास्त आहे. तिन्ही कोन काढा.

तिसरा दुसऱ्यावर अवलंबून, दुसरा पहिल्यावर, पहिला कुणावरच नाही. म्हणून पहिला क्ष. मग दुसरा २क्ष − १०, आणि तिसरा (२क्ष − १०) + ३०, म्हणजे २क्ष + २०.

क्ष + (२क्ष − १०) + (२क्ष + २०) = १८०
५क्ष + १० = १८०
क्ष = ३४

कोन ३४, ५८ आणि ८८ अंश.

आता वहीत प्रत्यक्षात काय दिसतं ते बघा. मूल तिसऱ्या कोपऱ्यात क्ष + ३० लिहितं. "३० ने जास्त" वाचलं आणि क्ष ला ३० जोडून टाकले. कुणापेक्षा जास्त, ते वाचलंच नाही. पुढचं गणित असं होतं:

क्ष + (२क्ष − १०) + (क्ष + ३०) = १८०
४क्ष + २० = १८०
क्ष = ४०

कोन ४०, ७० आणि ७०. बेरीज १८०. आकडे पूर्णांक, सुबक. मूल खुशीत पान उलटतं, आणि उत्तर मात्र चूक आहे.

क्ष म्हणजे एका ठरलेल्या कोनाचं माप, "जे माहीत नाही ते सगळं" नव्हे. भास्कराचार्यांच्या काळी पहिल्या अज्ञात राशीला 'या' लिहीत, दुसरी आली की तिला 'का', तिसरीला 'नी'. वेगळ्या राशीला वेगळं नाव हा नियम तेव्हाही पाळला जात होता. म्हणून क्ष लिहिण्याआधी एक पूर्ण वाक्य लिहायचं: "पहिल्या कोनाचे माप क्ष अंश मानू." मुलं ही ओळ गुणांसाठी लिहितात, तीही शेवटी. ती आधी लिहिली तर निम्मे गोंधळ होतच नाहीत.

बेरीज जुळली म्हणून थांबू नका

वरच्या चुकीत बेरीज १८० च आली, आणि ती येणारच होती. समीकरणच "तिघांची बेरीज १८०" असं मांडलंय. ते नीट सोडवलं की बेरीज १८० येणं भाग आहे, कोपऱ्यांत काहीही चुकीचं लिहिलेलं असलं तरी. या पडताळ्याने फक्त आकडेमोड तपासली जाते, मांडणी तपासली जात नाही.

मांडणी तपासायची तर मिळालेले कोन उदाहरणाच्या वाक्यांत परत टाकायचे. दुसरा कोन ७०. पहिल्याच्या दुपटीपेक्षा, म्हणजे ८० पेक्षा, १० ने कमी आहे का? आहे. तिसरा दुसऱ्यापेक्षा ३० ने जास्त आहे का? ७० आणि ७०. नाही. चूक पकडली, आणि ती नेमक्या कुठल्या वाक्यात आहे हेही कळलं. मला एकच सवय लावायची मुभा दिली, तर मी ही लावेन. शाळेत पडताळा म्हणजे बेरीज करून बघणं असंच रुजलंय, त्यामुळे चांगली मुलंही इथे फसतात.

'पेक्षा', 'पट' आणि सेमीचा घोटाळा

"दुपटीपेक्षा १० ने कमी" हे मराठीत ज्या क्रमाने ऐकू येतं, त्याच क्रमाने लिहिता येतं: आधी दुप्पट, मग त्यातून १० वजा. २क्ष − १०. सेमी-इंग्रजीच्या मुलांना हेच "टेन लेस दॅन ट्वाइस द फर्स्ट अँगल" असं येतं. दहा आधी ऐकू आले म्हणून दहा आधी लिहिले जातात: १० − २क्ष. ही चूक असलेल्या मुलाला मी इंग्रजी वाक्य आधी स्वतःच्या मराठीत बोलायला सांगतो आणि बोललेल्या क्रमाने लिहायला लावतो. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला यापेक्षा सोपा इलाज मला माहीत नाही.

"पट" मध्ये दोन अडचणी येतात. एक कंसाची. "तिसरा कोन पहिल्या दोन कोनांच्या बेरजेच्या दुप्पट" इथे दुप्पट बेरजेची आहे, एकाच कोनाची नाही. अशा वेळी बेरजेलाच क्ष मानावं: क्ष + २क्ष = १८०, क्ष = ६०, तिसरा कोन १२० अंश. पहिले दोन कोन वेगवेगळे काढता येणार नाहीत, आणि प्रश्नात ते विचारलेले नसतील तर काढायची गरजही नाही.

दुसरी अडचण दीडपट, सव्वापट, अडीचपट यांची. आजोबांना पावकी-दिडकी पाठ होती, नातवाला दीडपट म्हणजे ३/२ हे चटकन सुचत नाही. सुचलं तरी अपूर्णांक आला की हात थबकतो. तिथे क्ष जरा हुशारीने निवडायचा. समजा दुसरा कोन पहिल्याच्या दीडपट आणि तिसरा पहिल्याच्या अडीचपट आहे. पहिल्याला क्ष न मानता २क्ष माना. दुसरा ३क्ष, तिसरा ५क्ष.

२क्ष + ३क्ष + ५क्ष = १८०
क्ष = १८

कोन ३६, ५४, ९०. काटकोन त्रिकोण. लक्षात घ्या, इथे १८ हा त्रिकोणाचा कोनच नाही. "क्ष = १८" वर थांबणारा इथे हमखास चुकतो.

न सांगितलेली अट

समद्विभुज, काटकोन, बाह्यकोन. या शब्दांत प्रत्येकी एक समीकरण लपलेलं असतं.

काटकोनाचं सोपं आहे, एका कोपऱ्यात ९० लिहून मोकळं व्हायचं.

समद्विभुजाचं नीट बघा. आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडची कैची डोळ्यांसमोर आणा. दोन्ही तिरप्या बाजू सारख्या, म्हणून आडव्या पट्टीशी होणारे दोन्ही कोन सारखे. शेंड्याचा कोन पायाच्या एका कोनाच्या सातपट आहे असं दिलं, तर क्ष + क्ष + ७क्ष = १८०, क्ष = २०. पत्र्याचा उतार २० अंश, शेंडा १४० अंश. मुलं क्ष + ७क्ष = १८० लिहून मोकळी होतात, कारण दुसरा पायाचा कोन वाक्यात आलेलाच नसतो. आकृतीत तिसरा कोपरा रिकामा दिसतो, तो याच वेळी उपयोगी पडतो.

आणि "समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन दुसऱ्याच्या चौपट आहे" एवढंच दिलं तर? कोणता कोन जोडीतला, ते सांगितलेलं नाही. लहान कोन जोडीतला असेल तर ३०, ३०, १२०. मोठा जोडीतला असेल तर २०, ८०, ८०. दोन्ही बरोबर. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत अशी गणितं मुद्दाम घालावीत.

बाह्यकोनाचा दोष सगळ्यांत उशिरा सापडतो, म्हणून पूर्ण उदाहरण देतो. त्रिकोणाचा एक बाह्यकोन (४क्ष − १५) अंश आहे आणि त्याचे दूरस्थ आंतरकोन, म्हणजे त्याच्या लगत नसलेले आतले दोन कोन, (क्ष + २०) आणि २क्ष अंश आहेत. बाह्यकोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो:

(क्ष + २०) + २क्ष = ४क्ष − १५
क्ष = ३५

दूरस्थ कोन ५५ आणि ७०, बाह्यकोन १२५, त्याच्या लगतचा आतला कोन ५५.

हेच मूल तिन्ही राशी एकत्र करून १८० शी जोडतं: ७क्ष + ५ = १८०, क्ष = २५. मग ४५, ५०, ८५. पुन्हा सुबक आकडे, पुन्हा बेरीज १८०, पुन्हा चूक. बाह्यकोन त्रिकोणाच्या आत नसतो, म्हणून १८० च्या बेरजेत त्याला जागा नाही. आकृतीत बाजू पुढे वाढवून तो कोन बाहेर काढून दाखवला की ही चूक होत नाही. नुसत्या सूचनेने ती जात नाही. युक्लिडने ही दोन्ही प्रमेयं, बाह्यकोनाचं आणि तिन्ही कोनांच्या बेरजेचं, 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या भागातल्या एकाच ३२ व्या विधानात सिद्ध केली आहेत. ती एकत्र शिकवावीत, पण वापरताना आपण कोणतं वापरतोय हे मुलाने तोंडाने म्हणावं.

माहिती पुरेशी आहे का?

कोन तीन, म्हणून माहितीही तीन हवी. एक १८० ची, ती फुकट मिळते. उरलेल्या दोन उदाहरणातून यायला हव्यात: दोन तुलना, किंवा एक तुलना आणि 'समद्विभुज' हा शब्द, किंवा एखादं दिलेलं माप. बोटांवर मोजा. दोनच सापडल्या तर एक वाचायची राहिलीय. पुन्हा वाचूनही नाहीच सापडली, तर गणित अपुरं आहे.

कधी छपाईच चुकलेली असते. एका कोनापेक्षा दुसरा १२० ने आणि तिसरा ९० ने मोठा म्हटलं की ३क्ष + २१० = १८०, क्ष = −१०. असा त्रिकोण होऊच शकत नाही. मांडणी दोनदा तपासून कोन उणे किंवा शून्यच येत असेल तर गणित सोडून द्या आणि शिक्षकांना दाखवा. दोष वहीत नाही.

कंस आणि उणे

एक मिनिटाच्या चाचणीत अडकलेल्यांसाठी, आणि तिसरा कोन "उरलेला" म्हणून काढणाऱ्यांसाठी. १८० − (क्ष + २क्ष − १०) हे सोडवून १९० − ३क्ष यायला हवं. वहीत १७० − ३क्ष असेल, तर कंसाबाहेरचं उणे आतल्या शेवटच्या पदापर्यंत पोचलेलं नाही. याला आठ-दहा दिवस नुसती कंस सोडवायची उदाहरणं द्यावी लागतात, त्रिकोण बाजूला ठेवून. दोन्ही एकत्र रेटलं तर दोन्ही कच्चं राहतं.

कुठे थांबायचं

मुलाला ३क्ष आणि क्ष + ३ यातला फरक सांगता येत नसेल, किंवा उणे संख्यांची बेरीजच अडत असेल, तर घरी शाब्दिक उदाहरणं घेणं थांबवा. शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना भेटा आणि मागच्या इयत्तेपासून पाया भरून घ्या. ते काम पालकाने रात्री जेवणानंतर चिडून करण्याचं नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उदाहरण तुम्ही वाचून दाखवलं की मूल तोंडी बरोबर मांडतं, पण स्वतः वाचताना शब्द गाळतं, ओळ चुकतं, १ आणि ९ किंवा १८ आणि ८१ यांची अदलाबदल करतं, आणि हे आठवी-नववीतही सतत चालू आहे, तर तिथे शिकवणी लावून उपयोग नाही. आधी डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं धूसर दिसणारं मूल बऱ्याचदा सांगतच नाही. डोळे ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. नक्की कुठे जायचं ते मुख्याध्यापकांना किंवा जिल्हा शासकीय रुग्णालयात विचारा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि रीतसर प्रमाणपत्र असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. त्यासाठी दहावीचं वर्ष उजाडायची वाट बघू नका, कागदपत्रांना वेळ लागतो.

लेकराला "लक्षच देत नाहीस" म्हणून बोलू नका. आणि तपासणीला जाताना गणिताच्या आणि मराठीच्या जुन्या वह्या सोबत न्या, एकही चूक न खोडता.